एक बारीक चूक

"सर, दही लागतं, त्याला सेट चालतं का?" जैबुननं विचारलं.

"चालतं."

"मग एक्केचाळीस झाले." तिनं वहीत आकडा मांडला आणि समोर बसलेल्या सुवर्णाकडे बघितलं. "तुझे किती?"

"अडतीस. पण माझ्याकडं अजून नळ आहे, नाक आहे आणि लुगड्याचा रंग आहे."

"नाक?"

"वाहतं की!"

दोघी इतक्या हसल्या की शिक्षकखोलीच्या दुसऱ्या टोकाला डबा खात बसलेल्या चित्रकलेच्या सरांनी मान वर करून पाहिलं. मीही हसलो. जानेवारी महिना होता, साल पंच्याऐंशी. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि उमदळच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागून मला तीन वर्षं झाली होती. कर्नाटकाची हद्द तिथून जेमतेम दहा मैल. मुलं घरी कानडी बोलायची, शाळेत मराठी, आणि इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसायची.

त्यांची भीती जावी म्हणून मी एक खेळ काढला होता. इंग्रजीत लहान शब्दच सगळ्यांत मोठे असतात, असं मी दहावीच्या वर्गात सांगितलं आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले. रन आणि सेट. एकमेकांशी काही नातं नाही. पण शब्दकोशात दोघांचेही अर्थ पानंच्या पानं भरून आहेत. कुणाचे जास्त, ते शोधायचं. मात्र शब्दकोशातली वाक्यं उतरवायची नाहीत. प्रत्येक अर्थाला आपलं स्वतःचं वाक्य हवं. आपल्या घरातलं, गावातलं, खरं घडलेलं किंवा घडणारं.

वर्गातल्या चाळीस जणांपैकी आठवड्याभरात दोघीच उरल्या. सुवर्णा बिराजदारनं रन घेतला होता, जैबुन मुलाणीनं सेट. पहिलीपासूनच्या मैत्रिणी. जैबुनचे वडील गवंडी, त्यामुळे तिच्या वहीत सिमेंट घट्ट व्हायचं, चौकटी बसायच्या. मोडलेलं हाड बसवलं जायचं, घड्याळाचा गजर लावला जायचा, सूर्य मावळायचा. सुवर्णाचे वडील मल्लाप्पा बिराजदार हे एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. तिच्या वहीत सगळं हलतं असायचं. रस्ते गावाबाहेर जायचे, शिलाई उसवायची, दूध संपायचं. शब्दकोश एकच होता आणि तो शिक्षकखोलीबाहेर न्यायचा नाही असा नियम होता, म्हणून मधल्या सुट्टीत दोघी माझ्या टेबलाशी येऊन बसायच्या.

एकदा सुवर्णानं विचारलं, "सर, रन अवे म्हटलं की तो माणूस चोर वाटतो का?"

"का गं?"

"न्हाई, म्हणजे, पळून जाणारा काही वाईट करूनच पळतो, असं आहे का त्या शब्दात?"

मला प्रश्न फार आवडला. मी म्हणालो, "शब्दात काही नसतं. सांगणारा कोण आहे, त्यावर आहे. पोलिसानं सांगितलं तर चोर. पळणाऱ्यानं स्वतः सांगितलं तर सुटला."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. जैबुन तेव्हा खाली मान घालून शब्दकोशाची पानं उलटत होती. त्या दिवशी ती हसली नाही, हे मला पुष्कळ नंतर आठवलं.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. साडेदहाच्या सुमारास मल्लाप्पा आले. खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं, केस पाणी लावून चापून बसवलेले. गावात त्यांना मान होता, कारण कुठली गाडी कधी आणि कुठून जाते हे त्यांना वेळापत्रक न बघता पाठ असायचं. कारकून रजेवर होता. मुख्याध्यापकांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"सर, पोरीची जन्मतारीख बघायची होती जरा. रजिस्टरात काय लागलीय?"

"कशासाठी?"

"स्थळ आलंय. विजापूरकडचं. चांगली माणसं आहेत. माघातच उरकू म्हणत्यात."

मी रजिस्टर काढलं. पंधरा वर्षं आठ महिने भरत होते. मी मोठ्यानं वाचलं. त्यांनी खिशातल्या डायरीत तारीख लिहून घेतली आणि म्हणाले, "बरं. बघू त्याचं काय करायचं."

"अहो, पण मार्चमध्ये परीक्षा आहे," मी म्हणालो. "दोन महिने तरी थांबा. आणि वयही—"

"त्यांना घाई आहे, सर. सासू आजारी आहे."

मला वाटलं, या माणसाला आपली मुलगी काय आहे हे माहीतच नाही. एकदा डोळ्यांनी बघितलं तर थांबेल. कप्प्यात दोघींच्या वह्या होत्या, आदल्याच दिवशी तपासायला घेतलेल्या. मी सुवर्णाची वही काढली आणि त्यांना समोर बसवलं.

"हे बघा, तुमच्या मुलीनं एका शब्दाचे चौसष्ट अर्थ शोधलेत. चौसष्ट! कॉलेजच्या पोरांना जमणार नाही."

"इंग्लिशात आहे की सगळं."

"मी सांगतो ना मराठीत."

आणि मी वाचायला लागलो. एकेक वाक्य. इंग्रजी आधी, मग मराठी. आईच्या नव्या लुगड्याचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. धाकट्याचं नाक पावसाळाभर वाहतं. हट्टीपणा आमच्या घराण्यातच आहे. या वाक्याला मल्लाप्पा हसले. "हे बरोबर लिव्हलंय," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, ते मला आजही खोटं वाटत नाही. ते खुर्चीत पुढे सरकून बसले. मला हुरूप आला.

"माझी मावशी मिरजेच्या दवाखान्यात एक पूर्ण वॉर्ड चालवते."

"मावशीचं लिव्हलंय?" ते म्हणाले. त्यांचं आणि त्या मेव्हणीचं बोलणं नव्हतं, हे मला माहीत नव्हतं.

"हो. चालवणे या अर्थी. पुढचं बघा. सकाळची सहा-दहाची मिरज गाडी कोळवाडी फाट्यावरून जाते."

"जाती. पण स्टँडवरनं बसायचं सोडून फाट्यावर कोण जाईल? तीन मैल आहे."

"वाक्यापुरतं लिहिलंय. आता हे ऐका, 'माझ्या हातातला वेळ संपत चाललाय.' हे फार सुंदर लिहिलंय, बघा. आणि हे एक. मंगळवारी मला मावशी भेटणार आहे." इथं मी थांबलो. मी शिक्षक होतो. "इथं मात्र एक बारीक चूक आहे. तिनं रन इंटू वापरलंय. त्याचा अर्थ अचानक गाठ पडणे. न ठरवता. पण अमुक दिवशी भेटणार म्हटलं की ते ठरवून झालं. ठरवून भेटायला हा शब्द चालत नाही."

मल्लाप्पा वहीवर वाकले. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हंजे हे ठरवून आहे."

"हो. मंगळवार म्हटलंय ना."

"तुम्ही लाल शाईनं खूण केलीय."

"चूक दाखवायला."

ते उठले. वही न्यायची तर न्या, घरी दाखवा, असं मी म्हणालो. "नको, तुमच्याकडंच असू दे," ते म्हणाले. मग दोन्ही हात जोडून नमस्कार केला. "पोरगी हुशार आहे, सर. तुम्ही सांगितलं ते बरं केलं."

ते पायऱ्या उतरून गेले तेव्हा मी मनातून खूश होतो. आता ते थांबतील असं मला खरंच वाटलं होतं.

मंगळवारी सुवर्णा शाळेत आली नाही. जैबुनही आली नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत जैबुन एकटीच आली आणि टेबलाच्या कडेला उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"सर, मी कुणालाच सांगितलं न्हाई."

"काय सांगितलं नाहीस?"

मग ती बोलली. मावशीची पत्रं जैबुनच्या पत्त्यावर यायची. मावशी सुवर्णाला मिरजेला ठेवून घेणार होती. परीक्षा तिथूनच, आणि पुढे नर्सिंगला घालणार होती. मावशी मंगळवारी मिरजेच्या स्टँडवर उभी राहणार होती. आपल्या स्टँडवर वडील, म्हणून सुवर्णा पहाटे निघून कोळवाडी फाट्यापर्यंत चालत गेली. जैबुन निम्म्या वाटेपर्यंत सोबत होती.

"फाट्यावर तिचे बाबा आधीच येऊन बसले होते, सर. मैलाच्या दगडावर. ओरडले न्हाईत की काही न्हाई. चल घरी, एवढंच म्हणाले. काल संध्याकाळी मी गेले तर तिनं खिडकीतनंच सांगितलं. म्हणाली, तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? आणि खिडकी लावून घेतली." जैबुनला रडू फुटलं. "मी अम्मीला पण बोलले न्हाई, सर. कुराणाची शपथ. तुम्ही तिला सांगता का? तुमचं ऐकंल ती."

वही माझ्या कप्प्यातच होती. लाल खूण असलेलं पान मला कप्पा न उघडता दिसत होतं.

"बघतो," मी म्हणालो. "तू रडू नकोस."

शुक्रवारी मी बिराजदारांच्या घरी गेलो. जाताना ठरवलं होतं की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. दारात मांडवाचे वासे येऊन पडले होते. लग्न रविवारी होतं. मल्लाप्पांनी मला पाटावर नव्हे, मुद्दाम खुर्ची मागवून तिच्यावर बसवलं. मी काही बोलायच्या आत ते जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमचं नाव न्हाई निघणार, सर. माझ्या तोंडनं तर न्हाईच. गुरूची जागा आहे तुमची. ती तशीच राहील."

"मल्लाप्पा, मला माहीत नव्हतं—"

"माहीत नसू दे की. काम झालं."

तेवढ्यात सुवर्णा चहा घेऊन आली. हातात हिरव्या बांगड्या होत्या, नवीन भरलेल्या. मान खाली. मी म्हणालो, "काय सुवर्णा?" आणि पुढचं वाक्य सुचेना. वडील तिथंच बसले होते. खरं तर ते उठून गेले असते तरी मला सुचलं असतं का, मला सांगता येत नाही.

तिनं कप माझ्या हातात दिला. मग पहिल्यांदा वर बघितलं.

"सर, जैबुनला सांगा, तिचा शब्द जिंकला म्हणून. सेट. तारीख ठरली."

मी चहा प्यायलो. कप खाली ठेवला. "सांगतो," म्हणालो आणि बाहेर पडलो.

पंधरा वर्षं आठ महिने हे मी स्वतः वाचून दाखवलं होतं. तालुक्याला जाऊन एक अर्ज दिला असता तर लग्न थांबलं असतं, निदान थांबवायचा प्रयत्न झाला असता. मी शनिवारी सकाळी स्टँडपर्यंत गेलोही. कंट्रोलरच्या खिडकीत मल्लाप्पा बसलेले होते. त्यांनी मला बघून मान लववली. मी वर्तमानपत्र घेतलं आणि परत आलो.

सोमवारी जैबुनला मी तो निरोप दिला. जसाच्या तसा. "बरं, सर," म्हणाली. तिची वही तिनं परत मागितली नाही. मार्चच्या परीक्षेत ती शाळेत पहिली आली.

पुढच्या वर्षी मी बदली मागून घेतली. मग कागल, गडहिंग्लज, शेवटी कोल्हापूर. सगळी मिळून बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पण मुलांनी काही लिहून आणलं की लाल पेन हातात घेताना माझा हात थांबायचा. तपासून झालेल्या वह्या मी कधीच शाळेत ठेवल्या नाहीत. त्याच दिवशी परत द्यायचो, आणि कुणाही पालकाला दाखवल्या नाहीत. लोकांना तो माझा काटेकोरपणा वाटायचा. कधी वर्गात शिकवता शिकवता खिडकीबाहेर नजर जायची आणि एखाद्या मैलाच्या दगडावर पाठमोरा माणूस बसलेला आहे, असा भास व्हायचा. खाकी शर्टातला. वाट बघत, अगदी शांत.

जैबुन मला एकदाच भेटली, पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला, सांगलीत एका प्रशिक्षण शिबिरात. शिक्षिका झाली होती. तिनं वाकून नमस्कार केला, नवऱ्याची ओळख करून दिली, डबा माझ्यापुढे सरकवला. मग विचारलं, "सर, सुवर्णाचं काही कळतं का?"

"नाही."

"मी एकदा गेले होते तिच्या गावी. ईद झाल्यावर. शीरखुर्मा नेला होता. तिनं डबा घेतला न्हाई. आत ये पण म्हणाली न्हाई." तिनं डब्याचं झाकण लावलं. "मला फक्त एवढंच कळायला हवं होतं, सर, की कुणी सांगितलं. म्हणजे मी तिला जाऊन सांगितलं असतं."

आम्ही दोघंच होतो. दुपारची वेळ, सगळे जेवून बाहेर झाडाखाली गेले होते. मी तिचा फोन नंबर लिहून घेतला. "जाऊ दे गं आता," म्हणालो.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी माझी पत्नी गेली. घरात बोलायला कुणी राहिलं नाही आणि लाल खुणेचं ते पान माझ्यासमोर रोज उघडं पडायला लागलं. शेवटी एका मार्चमध्ये मी उमदळला गेलो, सुवर्णाचा पत्ता काढला आणि हद्द ओलांडून तिच्या गावी पोचलो. सकाळचे अकरा वाजले असतील. ती ओसरीवर तूर पाखडत बसली होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई. नवरा शेतात, दोन मुलगे पुण्याला, मुलगी नांदत होती. तिनं मला लगेच ओळखलं.

"उपाध्ये सर! या की."

तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. मी चहा येण्याआधीच सांगितलं. शनिवार, वही, फाट्याचं वाक्य, मावशीचं वाक्य, लाल खूण. ती सूप खाली ठेवून ऐकत होती.

"मला माहीत आहे, सर," ती म्हणाली.

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बाबा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी सांगितलं. नऊ वर्षं झाली. म्हणाले, त्या मुलाणीच्या पोरीचा काही दोष नव्हता."

"मग तू जैबुनला..."

"कुठल्या तोंडानं जायचं? दारातनं डबा परत पाठवला होता मी तिचा. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत वर्ष गेलं. एक वर्ष गेलं की दुसऱ्या वर्षी जाणं आणखी अवघड होतं." तिनं सुपातले खडे वेचायला घेतले. "तुम्हाला माहीतच आहे की ते."

आत चहा उतू गेल्याचा वास आला. ती उठली नाही.

"वही वाचलीत त्याचं मला काही न्हाई, सर. तुम्ही माझ्या भल्यासाठीच वाचली असणार. पण तुम्ही घरी आलात. तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. आणि मी तुमच्याजवळ तिच्यासाठी असा निरोप दिला." तिनं माझ्याकडे बघितलं. "तो तुम्ही नेऊन दिलात. ते मला अजून कळत न्हाई."

मी खिशातून फोन काढला. जैबुनचा नंबर दोनदा बदलला होता, पण तिच्या शाळेतून मी नवा मिळवला होता. लावला आणि सुवर्णाच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला. पलीकडून आवाज आला, मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"हॅलो? कोण?"

सुवर्णाचे ओठ हलले. आवाज निघाला नाही.

"कोण बोलतंय?" मग थोडं थांबून, अगदी हळू, "सुवी?"

सुवर्णानं घाईनं फोन माझ्या हातात कोंबला. मी बंद केला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

फोन वाजला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. वाजून वाजून थांबला. परत वाजला, परत थांबला.

तिसऱ्यांदा वाजायला लागला तेव्हा सुवर्णानं हात पुढे केला. मी फोन तिच्या तळहातावर ठेवला, उठलो, चपला घातल्या आणि अंगणापलीकडच्या कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो. ओसरीकडे पाठ करून. या वेळी वाजणं मध्येच थांबलं. मग किती तरी वेळ मागून काहीच ऐकू आलं नाही, आणि वळून बघायचा मला धीर झाला नाही.